विषय: अल्फा मराठीच्या कॅसेटमधून अल्फाच कापून टाकल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्याशी सहाव्यांदा फोनवर बोलणं झालं. यापुढे फोन नाही, लेखीच.

14 व्हीएचएस कॅसेट मी तुमच्याकडे डिजिटल करायला दिल्या. पेन ड्राइव्हमध्ये आलं काय? जाहिराती काढलेल्या, दोन कार्यक्रमांमधल्या उद्घोषणा काढलेल्या. चौकोनी चित्र रुंद पडद्यात बसवायला वरून-खालून छाटलं, त्यात कोपऱ्यातलं बोधचिन्हही गेलं. फायलींना नाव दिलंत ‘झी मराठी 1’, ‘झी मराठी 2’. फॉर्मवर मी लिहिलं होतं, ‘जसं आहे तसं, काहीही कापू नये.’ खाली तुमच्याच माणसाची सही आहे.

या कॅसेट माझ्या बाबांच्या. कराडमध्ये त्यांचा केबलचा व्यवसाय होता. झी टीव्ही 2 ऑक्टोबर 1992 ला सुरू झालं. दूरदर्शनचं मुंबई केंद्रही 2 ऑक्टोबरचंच, 1972 चं, त्यामुळे ही तारीख त्यांना पाठ होती. गच्चीवरची मोठी डिश एशियासॅट उपग्रहाकडे वळवताना खाली टीव्हीसमोर मी उभी असायची, ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायला. 15 ऑगस्ट 1999 ला त्याच कंपनीने अल्फा मराठी सुरू केलं, तेव्हा बाबांनी पहिल्या रात्रीपासून रेकॉर्डिंग लावलं. मालिकांसाठी नव्हे. मराठीत खासगी चॅनेल चालवायला पैसे कोण देतं, कुठल्या मसाल्याची, कुठल्या साबणाची जाहिरात मराठीत येते, हे त्यांना पाहायचं होतं. पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी आल्यावर दोन्हींच्या जाहिराती ते वहीत मांडायचे. ती वही माझ्याकडे आहे. चित्रं तुम्ही पुसलीत.

आता आजचा फोन. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, अल्फा नावाचं चॅनेल नव्हतंच, तुम्ही झी मराठीच म्हणताय.” मी शांतपणे सांगितलं की 1999 ला नाव अल्फा मराठी होतं, मार्च 2005 मध्ये ते झी मराठी झालं, अल्फा बांगला, अल्फा पंजाबी ही भावंडंही तेव्हा होती. त्याने मला चार मिनिटं होल्डवर ठेवलं. परत येऊन म्हणाला, “सर सांगतायत, जाहिराती म्हणजे कचरा असतो, तो आम्ही फुकट साफ करून दिलाय. ‘आभाळमाया’ नेटवर बघा ना.” मी म्हटलं, मला आभाळमाया नको, ती रात्र हवी आहे. तर म्हणाला, “मग वडिलांनाच विचारा ना, काय रेकॉर्ड केलं होतं ते.” बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, “ओके मॅडम, आणखी काही मदत हवी आहे का?”

तुमचं कामच जुनी चित्रफीत जपण्याचं. ती जपायची म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावावं? बाबा दरवर्षी पावसाळ्यानंतर प्रत्येक कॅसेट पुढे-मागे फिरवून ठेवायचे, बुरशी धरू नये म्हणून. फीत जितक्यांदा चालते तितकी झिजते. म्हणजे आता पुन्हा उतरवताना तुमच्या चुकीची झीज माझ्या कॅसेटने सोसायची. आणि परत सांगते, काहीही कापू नये असं मी लिहून दिलं होतं.

मूळ कॅसेट अजून तुमच्याकडेच आहेत. सगळ्या पुन्हा, पूर्ण, मूळ चौकोनी आकारात उतरवा. प्रत्येक फाइलला कॅसेटवर बाबांच्या अक्षरात लिहिलेली तारीख आणि चॅनेलचं नाव द्या. जास्तीचा एक रुपयाही मी देणार नाही. 15 दिवसांत काम सुरू झालं नाही, तर फॉर्मची प्रत घेऊन 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमच्याबद्दल चांगलं ऐकून आले होते, ओळखीच्या तिघांना तुमचं नावही सुचवलं होतं. त्या तिघांना मी आजच फोन केला आहे.

कॅसेट क्रमांक 1 ला मी आल्याशिवाय हात लावू नका. ती पहिल्या रात्रीची आहे. ती यंत्रात घालाल तेव्हा मी समोर बसणार आहे.

तुमची ग्राहक,
कराड