आकडा मागताना त्याचा हिशेबही मागा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संसदेचे किंवा पर्वरीतले, म्हणजे गोवा विधानसभेचे, अधिवेशन संपले की सरकारने आकडे लपवले, अशी तक्रार हमखास वाचायला मिळते. काही वेळा ती खरीही असते. पण लेखी उत्तर मूळ प्रश्नाशेजारी ठेवून वाचले तर बऱ्याचदा दिसते की अर्थखात्याने विचारले तेवढेच आणि विचारले तसेच सांगितले आहे. प्रश्न सैल असला की उत्तरही सैल येते आणि त्याबद्दल खात्याला कोणी धरू शकत नाही. गोव्याच्या दोन लोकसभा खासदारांनी, राज्यसभेतील एका सदस्याने आणि चाळीस आमदारांनी आकडा मागताना त्याची व्याख्या, कालावधी, भाजक आणि मोजणीची रीतही प्रश्नातच मागावी, यासाठी हे पत्र.

पहिली चूक पत्त्याची होते. सकल देशांतर्गत उत्पादन, किरकोळ महागाई आणि रोजगाराचे आकडे अर्थखाते काढत नाही. ते सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाकडून येतात. घाऊक किमतींचा निर्देशांक वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत निघतो. बँकांच्या थकबाकीची माहिती रिझर्व्ह बँकेकडून येते. महागाई किती, असे अर्थमंत्र्यांना विचारले की प्रश्न दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो, किंवा ‘सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे’ या छापाचे उत्तर हाती पडते. अर्थखात्याला त्या आकड्याचा वापर विचारायचा असतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चालू किमतींनुसार देशांतर्गत उत्पादनात १०.१ टक्के वाढ गृहीत धरली होती. ही वाढ एक टक्क्याने कमी निघाली तर करउत्पन्न किती घटेल, तुटीचे प्रमाण किती वाढेल आणि त्यासाठी कोणता खर्च आखडता घेणार, हे तीन भाग अर्थखात्याला टाळता येत नाहीत, कारण ते गृहीतक त्याच खात्याचे आहे.

लोकसभेचे नियम थोडक्यात सांगतो. पूर्ण पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते, प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो आणि एका दिवसासाठी एका सदस्याला जास्तीत जास्त पाच सूचना देता येतात. सोडतीतून २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. तारांकितपैकी पहिले मोजकेच तोंडी चर्चेला येतात. गोंधळात तास वाया गेला तर उरलेल्यांची उत्तरे नुसती पटलावर ठेवली जातात आणि उपप्रश्नांची संधी जाते. म्हणून आकड्यांचा गाभा अतारांकित प्रश्नात घालावा. तारांकित प्रश्न धोरणासाठी राखून ठेवावा आणि हातातले दोन उपप्रश्न आधीच तयार ठेवावेत.

आणखी एक नियम नवख्या सदस्यांना नडतो. सहज उपलब्ध प्रकाशनात छापलेली माहिती विचारता येत नाही. त्यामुळे ‘गोव्याचा बेरोजगारीचा दर किती’ हा प्रश्न मुळातच कच्चा. दर छापलेलाच आहे. जुलै २०२३ ते जून २०२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी गोव्याचा दर ८.५ टक्के आणि देशाचा ३.२ टक्के होता. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. हे आकडे ‘सामान्य स्थिती’चे, म्हणजे मागील ३६५ दिवसांचा विचार करून काढलेले आहेत. ‘साप्ताहिक स्थिती’त मागील सात दिवसांत एक तास जरी काम केले तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. दोन्हींचे उत्तर वेगळे येते, आणि एका बाजूने एक तर दुसऱ्या बाजूने दुसरा आकडा फेकला की सभागृहात वाद होतो, माहिती मिळत नाही. शिवाय जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचनाच बदलली. वर्ष जुलै-जूनऐवजी जानेवारी-डिसेंबर झाले आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला. म्हणजे प्रश्न असा हवा: (अ) नव्या रचनेत उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा जिल्ह्यांत प्रत्येकी किती घरे निवडली, (ब) या नमुन्यावर जिल्हानिहाय दर काढता येतो का, येत असल्यास तो कधी प्रसिद्ध होणार, (क) अंदाजातील संभाव्य चूक किती, (ड) जुन्या आणि नव्या मालिकेची तुलना करण्याची पद्धत मंत्रालयाने ठरवली आहे का. ‘सरकार कोणती पावले उचलत आहे’ ही शेपटी जोडूच नये. तिच्यामुळे उत्तराची दोन पाने योजनांच्या नावांनी भरतात आणि (अ) ते (ड) एका परिच्छेदात गुंडाळले जातात.

आपल्या राज्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा दरडोई उत्पन्नाचा. त्यात गोवा वर्षानुवर्षे देशात वरच्या क्रमांकांवर आहे आणि प्रत्येक भाषणात तो येतो. हा आकडा निव्वळ राज्य उत्पादनाला लोकसंख्येने भागून काढतात. भाजकाचे पाहा. शेवटची मोजलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतली १४,५८,५४५. त्यानंतरची प्रत्येक लोकसंख्या हा प्रक्षेपित अंदाज आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. दरम्यानच्या काळात बांधकाम, हॉटेल आणि कारखान्यांसाठी बाहेरून आलेले लोक त्या अंदाजात कितपत पकडले गेले, यावर दरडोई आकडा हलतो. आता अंशाचे पाहा. राज्य उत्पादन हे राज्याच्या हद्दीत निर्माण झालेले मूल्य असते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधकंपनीने केलेले उत्पादन गोव्याच्या खात्यावर जमा होते, मग नफा मुंबईच्या भागधारकाकडे जावो की परदेशात. उलट, बोटीवर जाणाऱ्या तारवटीने किंवा आखातातल्या मुलाने घरी पाठवलेले पैसे या हिशेबात येतच नाहीत. म्हणजे दरडोई उत्पन्न हे घरात येणाऱ्या पैशाचे माप नव्हे. खाणींचेही तसेच. २०१२ ची बंदी आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द करणे, या दोन्हींचा धक्का राज्य उत्पादनाला बसला. त्यामुळे वाढीचा दर कुठल्या वर्षापासून मोजला यावर चित्र पार बदलते. खाणी बंद असलेले वर्ष पाया धरले की पुढची वाढ मोठी दिसणारच.

म्हणून पर्वरीत नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन खात्याला उद्देशून विचारावे: दरडोई उत्पन्नासाठी कोणत्या वर्षी कोणती लोकसंख्या धरली, तिचा स्रोत काय, खाण क्षेत्र वगळून वाढीचा दर किती, आणि घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात गोव्याचा क्रमांक काय. शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा, कारण तो घराच्या बाजूने पाहणारा आकडा आहे. २०१७-१८ चे उपभोग सर्वेक्षण केंद्राने प्रसिद्धच न करण्याचा निर्णय घेतला होता. त्यानंतरचे, २०२२-२३ चे आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आले. मधला काळ संपूर्ण कोरा गेला आणि गरिबीवरची सगळी चर्चा जुन्या पायावर चालली.

अर्थसंकल्पाच्या आकड्यांत फसगत रकान्यांची होते. पुस्तकात चार रकाने असतात: मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. केंद्राचा भांडवली खर्च घ्या. २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज ११.११ लाख कोटी, सुधारित अंदाज १०.१८ लाख कोटी, २०२५-२६ चा अंदाज ११.२१ लाख कोटी. सुधारित अंदाजाशी ताडले तर वाढ सुमारे १० टक्के, मूळ अंदाजाशी ताडले तर एक टक्काही नाही. दोन्ही खरे. भाषणात कोणते येईल हे सांगायला नको. शिवाय या भांडवली खर्चात राज्यांना ५० वर्षांसाठी बिनव्याजी दिलेली कर्जेही मोडतात. २०२५-२६ मध्ये त्यासाठी दीड लाख कोटींची तरतूद होती. तोच पैसा राज्याने रस्त्यावर किंवा पुलावर खर्च केला की राज्याच्या भांडवली खर्चातही दिसतो. केंद्र आणि राज्यांची बेरीज करताना तो दोनदा धरला जाऊ नये, हे पाहायचे काम सदस्याचे आहे. गोव्याला या योजनेतून वर्षनिहाय किती मिळाले, कोणत्या कामांवर गेले आणि राज्याच्या लेख्यात ६००४ (केंद्राकडून घेतलेली कर्जे) या शीर्षाखाली ते किती दाखवले, असे एकाच प्रश्नात दिल्लीत आणि पर्वरीत दोन्हीकडे विचारावे. दोन उत्तरे जुळली नाहीत तर उपप्रश्न आपोआप तयार होतो.

बँकांच्या निर्लेखित, म्हणजे थकल्यामुळे ताळेबंदातून काढलेल्या, कर्जांवर दर अधिवेशनात प्रश्न असतो आणि दर वेळी उत्तरात तेच वाक्य येते: निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे, कर्जदाराची जबाबदारी कायम राहते. वाक्य बरोबर आहे. पण वसुली त्याच कर्जांतून किती झाली, हे विचारले नाही तर त्या वाक्याचा अर्थ कळत नाही. ज्या वर्षी निर्लेखन झाले त्या वर्षाच्या कर्जांची पुढच्या पाच वर्षांतली वसुली मागावी. एकूण निर्लेखन आणि एकूण वसुली शेजारी-शेजारी मागितली तर वेगवेगळ्या वर्षांची कर्जे एकमेकांत मिसळतात. कर्जदारांची नावे मागण्यात शब्द घालवू नयेत. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कर्जविषयक माहिती गोपनीय ठेवणाऱ्या कलम ४५ ई चा आधार घेऊन ती नाकारली जातात.

कायदा जिथे गप्प आहे तिथे मात्र जोर लावायला हवा. किरकोळ महागाईचे उद्दिष्ट चार टक्के, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मुभा. सलग तीन तिमाही ते हुकले तर रिझर्व्ह बँकेने कारणे देणारा अहवाल सरकारला द्यायचा असतो. २०२२ च्या नोव्हेंबरात तसा अहवाल गेला. तो खुला करणार का, असे संसदेत विचारल्यावर तशी तरतूद कायद्यात नाही, असे उत्तर मिळाले. मनाईही नाही. अशा वेळी पुढचा प्रश्न धोरणाचा: तशी तरतूद आणायला सरकार तयार आहे का, नसल्यास कारण काय? हा प्रश्न तारांकित म्हणून टाकण्याजोगा आहे, कारण त्याचे उत्तर आकड्याआड लपवता येत नाही.

उत्तर मिळाल्यावरही काम उरते. ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’ ही वाक्ये लोकसभेत आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात. मुदतवाढ मागितली जाते, आश्वासन वगळण्याची विनंतीही होते. सदस्याने प्रश्न क्रमांक आणि तारीख देऊन आश्वासन समितीकडे पाठपुरावा केला नाही तर आश्वासन फायलीत पडून राहते. अर्थविषयक स्थायी समिती अर्थखात्याबरोबर सांख्यिकी मंत्रालयही पाहते. तिथे मंत्री नव्हे, सचिव आणि अधिकारी उत्तरे देतात. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल छापला जातो आणि खात्याला प्रत्येक शिफारशीवर लेखी म्हणणे मांडावे लागते. ते कृती-अहवाल कोणी वाचत नाही, याचे वाईट वाटते. खाते कुठे अडते ते त्यात स्पष्ट लिहिलेले असते.

पर्वरीत अर्थखाते मुख्यमंत्र्यांकडेच आहे. त्यामुळे अर्थविषयक प्रश्नावर सरकारच्या प्रमुखाचेच उत्तर मिळते. आमदारांनी त्याचा उपयोग करून कॅगच्या राज्य वित्त अहवालातील तीन गोष्टी दर वर्षी मागाव्यात: मार्च महिन्यात झालेल्या खर्चाची खातेनिहाय टक्केवारी, थकीत उपयोगिता प्रमाणपत्रांची (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यांची) रक्कम, आणि मंजुरीपेक्षा जास्त झालेला पण अद्याप विधानसभेने नियमित न केलेला खर्च. घटनेच्या कलम २०५ नुसार तो नियमित करून घेणे सरकारचे काम आहे.

आपल्याला एकच विनंती. अधिवेशनाच्या बातम्यांत लेखी उत्तराचा आकडा छापताना प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख आणि सदस्याने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा छापावा. संसदेच्या संकेतस्थळावर मूळ उत्तर शोधायला क्रमांक आणि तारीख एवढे पुरते.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा