विषय: ‘होलोकॉस्ट’ मालिकेच्या मराठी सबटायटल्सबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या ॲपवरून मी १९७८ सालची ‘होलोकॉस्ट’ ही नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरची चार भागांची अमेरिकन मालिका १४९ रुपये भरून घेतली. ‘मराठी सबटायटल्स उपलब्ध’ असं लिहिलं होतं म्हणूनच घेतली. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिचं लहानपण रेवदंड्याला बेने इस्रायली शेजाऱ्यांत गेलं, त्यामुळे बर्लिनच्या ज्यू डॉक्टरच्या कुटुंबाची गोष्ट तिला बघायचीच होती.

पहिल्याच भागात या वाइस कुटुंबातल्या चित्रकार कार्लला बुखेनवाल्डला नेतात. खाली अक्षरं आली: ‘त्याला एकाग्रता शिबिरात पाठवले.’ आईने विचारलं, “म्हणजे इगतपुरीच्या विपश्यनेसारखं?”

मराठीत याला छळछावणी म्हणतात. शाळेच्या पुस्तकातही हाच शब्द असतो.

‘फायनल सोल्यूशन’चं, म्हणजे सगळ्या ज्यूंना संपवण्याच्या नाझी योजनेच्या नावाचं, तुम्ही ‘अंतिम द्रावण’ केलं आहे. शेवटचा भाग मी आधी एकटीने पाहिला ते बरं झालं. ऑशविट्झमध्ये अंघोळीच्या नावाखाली माणसांना गॅसच्या खोलीत नेतात, तिथे तुमच्याकडे ‘सरी’ पडतात.

पण सगळ्यात संताप आला तो एरिक डॉर्फच्या प्रसंगांत. हा बेकार वकील नाझींच्या एसएस या सशस्त्र संघटनेत शिरतो आणि तिथला बडा अधिकारी हाइड्रिख याच्या हाताखाली त्याचं मोठं काम म्हणजे शब्द पुरवणं, खुनाला खून न म्हणता कागद कसा रंगवायचा ते सांगणं. हे पटकथेपुरतं नाही. ‘झोंडरबेहांडलुंग’, म्हणजे विशेष वागणूक, हा शब्द एसएसच्या खऱ्या कागदांत ठार मारण्यासाठी वापरलेला आहे. १९४३ मध्ये कोरहेर या संख्याशास्त्रज्ञाच्या अहवालात तो आला, तेव्हा एसएसचा प्रमुख हिमलर याला तोही फार उघडा वाटला आणि त्याने तो बदलून घेतला. एवढा जपून वापरलेला शब्द, आणि तुमच्याकडे त्याचा ‘खास पाहुणचार’ झाला आहे!

एक शब्द मात्र अचूक लागलाय, ‘पुनर्वसन’. धरणाखाली गावं गेलेल्या मुलखात हा सरकारी शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माणसं गाड्यांत कोंबून पूर्वेला नेताना तो पडद्यावर आला आणि आई एकदम गप्प झाली. असे शब्द आपल्याकडे आहेत, कुणीतरी बसून शोधायला हवे होते.

मालिकेत दोष नाहीत असं नाही. ऑशविट्झमधून वाचलेले लेखक एली विझेल यांनी तेव्हाच तिच्यावर कडक टीका केली होती, मलाही काही प्रसंग फार गुळगुळीत वाटतात. पण जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीत ती दाखवली तेव्हा सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिली आणि वाहिनीकडे फोनची रीघ लागली. त्या लोकांना निदान संवाद तरी धड कळत होते.

तुमच्या प्रतिनिधीने चॅटवर ‘मनोरंजनात आलेल्या व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ म्हणून ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. टाकलं. द्रावण तसंच आहे.

माझे १४९ रुपये परत करावेत, आणि मराठी जाणणाऱ्या माणसाने तपासेपर्यंत या मालिकेवरची ‘मराठी उपलब्ध’ ही पाटी काढावी. चारही भागांतल्या ४१ चुका वेळेसह सोबत जोडल्या आहेत. तोवर मी सबटायटल्स बंद करून, दर दोन मिनिटांनी थांबवून, आईला तोंडी सांगते आहे. आमचा तिसरा भाग अजून संपलेला नाही.

आपली,
एक सबस्क्रायबर, पुणे