बेकारी भत्ता नाकारायचा तर कागदावर नाकारा

महोदय,

एका कामगार ठेकेदाराकडे मी बरीच वर्षे पगारपत्रक करणे आणि दरमहा ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याच्या वर्गणीचे) चलान भरणे हे काम केले. गेल्या वर्षी कंपनीने ठेका बंद केला. पॅकिंगच्या बायका, हेल्पर, सुपरवायझर आणि मी, सगळेच एका दिवशी घरी बसलो. तेव्हापासून ज्या शाखा कार्यालयात मी इतरांचे कागद घेऊन जायची, तिथे स्वतःचे कागद घेऊन जाऊ लागले. त्या अनुभवावरून हे पत्र.

ईएसआय म्हणजे दवाखाना आणि बाळंतपणाची रजा, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. नोकरी गेल्यावर तिथूनच भत्ताही मिळतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 रोजी दोन वर्षांच्या प्रयोगासाठी आली आणि पुढे मुदतवाढ घेत राहिली. सुरुवातीला सरासरी रोजंदारीच्या 25 टक्के मिळत. करोनाच्या काळात ते 50 टक्के झाले, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी, तेही आयुष्यात एकदाच. माझा रोज सरासरी 600 रुपये पडतो. म्हणजे दिवसाला 300, पूर्ण 90 दिवसांचे 27,000. घरभाडे आणि मुलांची फी तेवढ्यावर निघते. आणि ही कुणाची मेहेरबानी नाही. आमच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो, त्याच पैशातला हा विमा आहे.

2020 मध्ये सरकारने एक चांगली गोष्ट केली. दावा मालकामार्फत पाठवण्याची अट काढली. कामगाराने नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी थेट अर्ज करावा, सोबत प्रतिज्ञापत्र, आधार आणि बँकेचा तपशील द्यावा. दावे 15 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करू, असे तेव्हाचे केंद्रीय श्रममंत्रीही म्हणाले होते. पण पुढच्या दाराने बाहेर काढलेला मालक मागच्या दाराने परत आला आहे, आणि ते दार कुठले हे मला नेमके माहीत आहे, कारण ते मीच दरमहा उघडत असे.

चलान भरताना प्रत्येक कामगारापुढे किती दिवस काम झाले ते लिहायचे असते. दिवस शून्य असतील तर कारणाचा क्रमांक टाकायचा. 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे कामगारकपात, 11 म्हणजे काम नाही. आमच्या ठेकेदाराने ठेका बंद झाल्यावर सरसकट सगळ्यांपुढे 2 टाकले. (शेवटचे ते चलान माझ्या हातून गेले नाही, हे सांगायला हवे.) खिडकीवरच्या साहेबांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही स्वतःहून सोडलेली दिसतेय. ठेकेदाराकडून दुरुस्ती आणा." ठेकेदार आता फोन उचलत नाही. उचलला तरी त्याला काय पडले आहे?

मग मी विचारले, नाकारताय तर तसे लेखी द्या, मी वर अपील करते. त्यावर उत्तर असे की दावा नाकारलेला नाही, प्रलंबित आहे. ही सगळ्यात सोयीची जागा. मंजूर नाही म्हणून पैसे नाहीत, नामंजूर नाही म्हणून अपील नाही. कारण लिहिलेला कागदच नसेल तर दाद मागायची कशाविरुद्ध?

मला चलान वाचता येते म्हणून मी सुटले. ठेका बंद झाल्याची कंपनीची नोटीस, हजेरीपटाची प्रत आणि सगळ्यांच्याच नावापुढे एकाच महिन्यात 2 कसे आले असा प्रश्न, हे सगळे केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकले. यथावकाश पैसे आले. आमच्या पॅकिंगच्या बायकांपैकी अनेकींचे अजून अडकलेले आहेत. एकीचे ईएसआय माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या. तिला तर दावा दाखल झाल्याची पोचसुद्धा मिळालेली नाही. कार्यालयांत महिन्यातून एकदा 'सुविधा समागम' नावाचा तक्रारींचा दिवस असतो, पण तो कुणी त्यांना सांगितलेला नाही. मी सांगितला.

इतर ठिकाणी घड्याळ आहे, इथेच का नाही? भविष्य निर्वाह निधीचा अर्ज पूर्ण असेल तर 20 दिवसांत निकाली काढावा लागतो. पुरेशा कारणाशिवाय उशीर झाला तर आयुक्तांच्या पगारातून 12 टक्के दंडव्याज वसूल करता येते. आपल्या राज्याच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत आहे, नाकारले तर लेखी कारण आहे, प्रथम अपील, द्वितीय अपील आहे, आणि चुकार अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे. पण तो राज्याच्या सेवांना लागू. ईएसआय महामंडळ केंद्राचे. नोकरी गेलेल्या बाईला हा फरक काय कळणार!

महामंडळाकडून फार काही नको आहे. अर्ज घेताच तारखेची पोच द्या. दावा बसत नसेल तर कुठल्या अटीत बसत नाही ते आणि अपील कुणाकडे करायचे ते एका कागदावर लिहून द्या. आणि नोंदीबद्दल विचारल्यावर मालकाने ठरावीक दिवसांत उत्तर दिले नाही, तर कामगाराचे प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरा. ते खोटे निघाले तर कारवाई करायला मोकळे आहातच. नाहीतर आमच्याकडून नोटरीचे पैसे खर्च करवून ते घेता तरी कशाला?

– एक विमाधारक कामगार, पुणे जिल्हा