हद्द ओलांडली की गुन्हा

महोदय,

माझी मुलगी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला शिकते. तिथे २१ वर्षांवरील कुणालाही दुकानातून गांजा विकत घेता येतो. २०१२ च्या मतदानाने ती मुभा मिळाली. तिथून १०-१५ मिनिटांवर शेजारच्या आयडाहो राज्यातलं मॉस्को गाव. तिथे तीच पुडी खिशात सापडली तर थेट गुन्हा! प्रशांत महासागरातल्या अमेरिकेच्या बेटांवरही तसंच: ग्वामने २०१९ मध्ये परवानगी दिली, अमेरिकन सामोआत बंदीच आहे. खरी मेख केंद्रीय कायद्यात आहे, त्यात गांजा अजूनही बेकायदाच आहे. व्हिसा त्याच कायद्यावर चालतो, त्यामुळे दुकानाची पावती दाखवून विद्यार्थी सुटत नाही. गांजा ओढल्याची नुसती कबुलीही पुढे अमेरिकेत प्रवेश नाकारायला पुरू शकते. आम्हाला सल्लागारांनी फी, विमा, बॅगेचं वजन सगळं सांगितलं. हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

– एक पालक, पुणे