आमच्या विहिरीच्या पाण्याचाही पंचनामा करा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कापूस उत्पादक. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शासनाने पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवस थांबवली. कायमची बंदी केंद्राच्या हाती, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला एवढंच दिलंय. माणसांची चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. पण तेच विष जिथे मुरलं त्या मातीचा, त्या नाल्याचा पंचनामा आमच्या शिवारात तरी कुणी केला नाही.

आम्ही त्याला औषध म्हणतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी झाली की माव्या-तुडतुड्यांसाठी पहिली फवारणी, पुढे बोंडअळीसाठी, एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवून. पंप नाल्यावर धुवायचा, रिकामा डबा धुऱ्यावर टाकायचा. यात आमचीही चूक आहे, साहेब. मावा खाणारे ढालकिडा आणि क्रायसोपा हे मित्रकिडे आधी मरतात, मावा काही दिवसांत परत येतो आणि आम्ही पुन्हा कृषी केंद्राच्या दारात उभे. धुऱ्यावरच्या बाभळीला दरवर्षी मोहोळ लागायचं. आता तूर फुलते, पण तिच्यावर गुणगुण ऐकू येत नाही. मला ते फार लागतं.

डब्यावरच्या, विषारीपणा सांगणाऱ्या त्रिकोणाचा रंग प्रयोगशाळेतले प्राणी किती मात्रेने मरतात यावर ठरतो. मधमाशीचा, गांडुळाचा हिशेब त्या रंगात नाही. युरोपीय संघाने मधमाश्यांसाठी २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा उघड्या शेतातला वापर थांबवला. आमच्याकडे कपाशीच्या बियाण्याला ते चोळूनच येतं. मोनोक्रोटोफॉस हे दुसरं कीटकनाशक पाखरांना अतिशय घातक. भाजीपाल्यावर त्याला २००५ मध्ये बंदी आली, कपाशीसाठी मात्र २०२३ च्या आदेशापर्यंत ते राजरोस विकलं गेलं. त्या अठरा वर्षांत पाखरं आमच्या शेतात किडे टिपतच होती.

बंदी आपल्या हाती नसेल, पण पाणी तपासणं आहे. फवारणीच्या दिवसांत कापूसपट्ट्यातल्या प्रत्येक गावात एका विहिरीचं आणि नाल्याचं पाणी कीटकनाशकांसाठी तपासा, निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. रिकामे डबे गोळा करायची सोय विकणाऱ्यांवर टाका.

पहिला नमुना माझ्या विहिरीतून घ्या. कपाशी तिच्यापासून पंधरा पावलांवर आहे आणि घरचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ