हनोईत एखादा दिवस मोकळा मिळाला तर

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

हनोईचं तुझं नक्की झालं हे ऐकून फार आनंद झाला. फोनवर तू म्हणालास, "आई, तिकडे बघण्यासारखं काय आहे ते लिहून पाठव." म्हणून सवडीने बसले आहे. हा लाँगची खाडी आणि जुन्या शहरातली तळी तू ऑफिसातल्या मित्रांबरोबर पाहशीलच, त्यासाठी आईच्या पत्राची गरज नाही. मी लिहिते आहे ते कारागिरांच्या गावांबद्दल. आम्ही हनोईला गेलो होतो त्या प्रवासातलं बाकीचं बरंचसं आता धूसर झालंय, पण ती अंगणं आणि तिथे काम करणारी माणसं अजून डोळ्यांपुढे आहेत.

हनोईच्या आसपास एकेका कामाला वाहिलेली खूप गावं आहेत. एक मातीकाम करणारं, एक रेशीम विणणारं, एक टोप्यांचं, एक लाकडावर रोगण चढवणारं. जुन्या हनोईतल्या पेठांची नावंही धंद्यांवरून पडलेली आहेत. हांग बाक ही चांदीकाम करणाऱ्यांची पेठ, हांग थिएक पत्र्याच्या कामाची. गावाकडचे कारागीर शहरात आले, एकत्र राहिले आणि पेठेला त्यांच्या कामाचं नाव मिळालं. पुण्याची तांबट आळी तुला ठाऊकच आहे, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगायला नको.

हॉटेलात एका दिवसात चार-पाच गावं दाखवणाऱ्या सहली मिळतात. त्या घेऊ नकोस. गावं वेगवेगळ्या दिशांना आहेत. निम्मा दिवस गाडीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी फक्त दुकान पाहून होतं. एका दिवशी एकच दिशा धर. दक्षिणेला गेलास तर टोप्यांचं चुओंग आणि उदबत्तीचं क्वांग फू काऊ एका वाटेवर येतात. पूर्वेला गेलास तर नदीपलीकडचं बाट चांग आणि पुढे बाक निन्ह प्रांतातलं डोंग हो. आम्ही दोन्हीकडे वेगवेगळ्या दिवशी गेलो. गाइड मात्र घेच. भाषा येत नसताना कारागिराच्या दारात उभं राहून नुसतं हसत राहण्यात काही मिळत नाही. आमच्याबरोबर जी मुलगी होती ती आजीबाईंशी आदराने बोलायची, मध्येच बसून त्यांना कामात हात लावायची. म्हणून त्या आमच्याशीही बोलल्या.

चुओंगला जायचं तर बाजाराच्या दिवशी जा. हा बाजार चांद्र तिथीने भरतो, महिन्याच्या ४, १०, १४, २०, २४ आणि ३० तारखेला, आणि तोही अगदी पहाटे. त्यांचा चांद्र महिना आपल्यासारखाच अमावास्येवर फिरतो, मोजणीत एखाद्या दिवसाचा फरक पडतो एवढंच. मी इथल्या कॅलेंडरवर खुणा करून तुला पाठवीन, तरी गाइडकडून खात्री करून घे. बायका डोक्याएवढ्या उंच चळती घेऊन येतात. कोणी तयार टोप्या विकतं, कोणी नुसती पानं, कोणी बांबूची कडी. ते पानांचं काम नीट बघ. हिरवी पानं उन्हात वाळवून पांढुरकी करतात, मग तापलेल्या लोखंडावर कापडाच्या बोळ्याने दाबून एकेक पान सरळ करतात. बोळा जास्त वेळ टेकला तर पान करपतं, कमी टेकला तर सुरकुती राहते. मग साच्यावर बांबूच्या बारीक कड्यांवर पानांचा थर, मध्ये बांबूच्या कोंबावरच्या पापुद्र्याचा थर, पुन्हा पानं, आणि शेवटी बारीक टाके. इतका खटाटोप केलेली ती टोपी जाताना वाटेतल्या प्रत्येक भातखाचरात कुणाच्या तरी डोक्यावर दिसते. पाऊस आला की छत्री, ऊन वाढलं की सावली, दमलं की वारा घ्यायला पंखा. मला तिथे हेच सगळ्यात आवडलं, की ती वस्तू अजून तिथल्याच माणसांच्या उपयोगाची आहे.

तिथून पुढे क्वांग फू काऊ. तू फोटो पाहिले असशील, लाल काड्यांचे गठ्ठे अंगणभर फुलांसारखे पसरलेले. फोटोसाठी मुद्दाम मांडलेली अंगणंही आहेत, तिथे थोडे पैसे घेतात. दे, त्यात काही गैर नाही. पण गाइडला सांगून आतल्या गल्लीत जा, जिथे खरं काम चालतं. बांबू फोडून काड्या काढायचं काम आता बरंचसं यंत्रावर होतं. काड्यांची टोकं लाल रंगात बुडवतात, गठ्ठा एका बाजूला घट्ट बांधून दुसरी बाजू फाकवतात आणि उन्हात उभा करतात, म्हणजे वारं आतपर्यंत जातं. टेट, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, जवळ आलं की तिथे उसंत नसते. घरोघरी पूर्वजांचा देव्हारा असतो आणि उदबत्तीशिवाय त्यांचा एकही सण होत नाही.

या गावाशी आपलाही संबंध आहे, अनिकेत, आणि तो मला तिथे गेल्यावरच कळला. आपल्याकडच्या उदबत्त्यांच्या काड्या आणि वास न लावलेली कच्ची उदबत्ती कितीतरी वर्षं व्हिएतनाममधून येत होती, फार मोठ्या प्रमाणावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या सरकारने उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केलं. इथल्या बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून ते केलं, आणि ते मला पटतं. पण ज्या अंगणात मी उभी होते तिथली बाई गाइडकरवी विचारत होती, "भारतात आता काड्या कुठून घेतात?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, आमच्याकडेही बांबू आहे, आमच्याही बायका काड्या करतात. तिने मान डोलावली आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं. देवापुढे रोज लावते त्या उदबत्तीमागे किती लांबची माणसं असतात, हे त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. तू तिथे काही महिने राहणार आहेस, तर हे बारकाईने विचार. बाहेरच्या मागणीवर उभं राहिलेलं काम एका कागदाने थांबतं, आणि गावच्या मागणीवरचं काम तग धरतं. त्या गावात दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळतात.

वान फुकच्या रेशमाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आता दुकानंच जास्त आहेत. यंत्रमागांचा आवाज गल्लीत येतो, कापड सुरेखच आहे, पण बाहेरून आणलेला मालही तिथेच विकला जातो. तुझी आत्या येवल्याची, म्हणून ती त्या कापडाची नुसती उलटी बाजूच बघत बसली होती. घ्यायचंच असेल तर ज्या घरात माग चालू दिसेल तिथूनच घे.

पूर्वेकडे जाशील तेव्हा सकाळी बाट चांग कर. लाल नदीच्या काठचं हे गाव आहे, कुंभारकामाला तिथे शतकं झाली. राजधानी १०१० मध्ये होआ लूहून आजच्या हनोईच्या जागी आली, आणि पुढे होआ लूच्याच भागातले कुंभार नदीकाठची पांढरी माती पाहून इथे येऊन वसले असं गावात सांगतात. पर्यटकांना चाकावर बसवून वाटी करायला लावतात. मजा येते, जरूर कर. पण त्यानंतर माती कुठे तयार होते ते विचार. जुन्या पद्धतीत वेगवेगळ्या उंचीवरची चार टाकी असत. वरच्या टाक्यात माती भिजवून घुसळायची, खालच्यात निवळू द्यायची, मग पाणी आटवायचं आणि शेवटच्यात मुरत ठेवायची. महिनोन्महिने. आता भट्ट्या गॅसच्या आहेत. पूर्वी कोळशाच्या होत्या, तेव्हा गल्लीतल्या भिंतींवर कोळशाच्या थापा वाळत लावलेल्या असत, अगदी आपल्याकडच्या शेणाच्या गोवऱ्यांसारख्या. काही जुन्या भिंतींवर त्यांचे काळे डाग गाइड दाखवेल. गॅस आल्यापासून गावातली हवा सुधारली, हे मला महत्त्वाचं वाटलं. जुनं ते सगळं टिकलंच पाहिजे असं मला वाटत नाही. त्या धुरात पोरंबाळं वाढत होती.

दुपारी डोंग हो. इथे घाई करू नकोस. लाकडी ठशांची चित्रं छापणारं हे गाव, आणि हातात कागद घेतल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. झाडाच्या सालीचा तो कागद आणि त्यावर शिंपल्यांची भुकटी चिकट तांदळाच्या खळीत मिसळून लावतात. लावायला पाइनच्या सुयांचा कुंचला असतो, त्याच्या बारीक रेघा कागदावर राहतात आणि उजेडात तिरका धरला की कागद चमचमतो. काळा रंग बांबूच्या पानांच्या कोळशाचा, निळा निळीचा, पिवळा फुलांचा, लाल एका मऊ दगडाचा. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि काळ्या रेषा सगळ्यात शेवटी उमटतात. त्या उमटल्या की आधीचे रंगाचे डाग एकदम डुक्कर होतात, कोंबडी आणि पिल्लं होतात. उंदरांच्या लग्नाचं एक चित्र आहे. वरात निघाली आहे आणि पुढचे उंदीर मांजराला पक्षी आणि मासा नजराणा देताहेत. बाबा त्या चित्रापुढून हलायलाच तयार नव्हते.

पूर्वी टेटच्या आधी घरोघरी ही चित्रं घेत, गेल्या वर्षीचं भिंतीवरून काढून नवं चिकटवत. ती रीत मोडली आणि गावाचा धंदा बसला. आता छापणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली. बाकीचा गाव पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू करतो, कागदी घोडे, कागदी कपडे. त्याला मागणी आहे, त्यावर संसार चालतात, त्यामुळे त्यांना नावं ठेवणं मला जमलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीला लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक झाली, तिथेच या कलेला तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतलं गेलं. चांगलं झालं. पण चित्र परत भिंतीवर लागलं पाहिजे, नाहीतर यादी काय करणार? म्हणून तू तिथून एक-दोन नाही, चांगली सात-आठ चित्रं घे. आणि घासाघीस करू नकोस. नातेवाइकांना लग्नात देऊ, मुलांच्या खोल्यांत लावू.

डोंग होच्या जवळच दाऊ नावाचं फार जुनं बौद्ध मंदिर आहे. इ. स. ५८० मध्ये विनीतरुची नावाचे भारतीय भिक्षू तिथे येऊन राहिले होते. गाइड वेळ नाही म्हणेल, तरी आग्रह धर.

जेवणाचं आधीच सांगून ठेव. भाजीतही माशाचं पाणी घालतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले बरेच लोक शाकाहारी जेवतात, त्यामुळे त्या दिवशी तुला सोपं जाईल. बाट चांगची भांडी बबल रॅपमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेतच आण. चित्रं गुंडाळी करून जाड पुठ्ठ्याच्या नळीत ठेव, घडी अजिबात घालायची नाही, शिंपल्याचा थर घडीवर तडकतो. उंदरांच्या लग्नाचं चित्र बाबांसाठी वेगळं घे. कोंबडी आणि पिल्लांचं माझं.

तिकीट निघालं की तारीख कळव, म्हणजे बाजाराच्या तिथ्या बघून ठेवते.

तुझी,
आई