तक्रार पत्र: तात्पुरत्या ब्लॅकआउट पडद्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: खिडकीच्या काचेवर सक्शन कपांनी (दाबून चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या वाट्यांनी) लावायच्या, उजेड अडवणाऱ्या पडद्याचे पूर्ण पैसे परत मिळावेत आणि माहितीपत्रक दुरुस्त करावे.

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. ‘तुमच्या काचेतच दोष आहे’ हे त्यांचं शेवटचं उत्तर. ते मला मान्य नाही, म्हणून लेखी तक्रार करत आहे.

पडदा लावला की चारही कडांनी उजेड येतो. दोष काचेचा नाही, मापाचा आहे. खोक्यावर ‘काचेच्या मापाचा पडदा निवडा’ असं छापलंय. कप कापडाला काचेपासून सेंटिमीटरभर पुढे धरतात आणि उजेड त्या पोकळीतून बाजूने बाहेर पडतो. त्यामुळे काचेएवढं कापड कधीच पुरणार नाही. ते प्रत्येक बाजूला निदान ५ ते ८ सेंटिमीटर मोठं हवं आणि ती जादा कड चौकटीवर व्हेल्क्रोने दाबून बसवायला हवी. व्हेल्क्रोची मऊ बाजू कापडावर, खरखरीत बाजू चौकटीवर. चौकट आधी स्पिरिटने पुसायची आणि पट्टी चिकटवल्यावर एक दिवस तिच्यावर भार द्यायचा नाही. यातलं एक अक्षरही तुमच्या पत्रकात नाही.

शिवण तर त्याहून वाईट. कापड चांगलं आहे, त्यावर उजेड अडवणारा, मध्ये काळा थर असलेला लेप आहे. पण कपांच्या पट्ट्या तुम्ही थेट त्या लेपावरून शिवल्यात. सुई आरपार गेली की लेपाला भोक पडतं आणि ते पुन्हा बुजत नाही. भर दुपारी दार लावून दहा मिनिटं आत थांबा. डोळे अंधाराला सरावले की टाक्यागणिक एक असे उजेडाचे ठिपके ओळीने दिसू लागतात. पट्टी चिकटवायला हवी होती, नाहीतर शिवणीवर त्याच कापडाचा तुकडा चिकटवून ती झाकायची. शिवाय पडदा घट्ट घड्या घालून खोक्यात कोंबलेला. त्या घड्यांवर लेप तडकलाय आणि तिथूनही उजेड येतो. असा माल गुंडाळून पाठवायचा असतो.

आता कप. पत्रक म्हणतं, ‘काच कोरडी पुसा आणि कप दाबा.’ काचेवरचा तेलकट थर कोरड्या फडक्याने जात नाही. कप आधी गरम पाण्यात ठेवून मूळ आकारात आणायचा, किंचित ओला करायचा आणि मधून दाबून हवा काढायची. एवढं करूनही चारच कोपऱ्यांना कप दिले, तर वरची कड मध्ये झोळीसारखी लोंबते. दर २०-२५ सेंटिमीटरला एक कप हवा. दुपारी काच तापली की कपाखाली उरलेली हवा प्रसरण पावते, प्लॅस्टिक नरम पडतं आणि कप सुटतो. म्हणजे उजेड सर्वांत जास्त असतो नेमका तेव्हाच पडदा खाली येतो.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. प्रतिनिधी म्हणाले, “काच खडबडीत असेल.” सांगितलं, गुळगुळीत आहे. “मग पुसली नसेल.” स्पिरिटने पुसली आहे. “मग यावरून अजून एक पडदा लावा.” मी विचारलं, खोक्यावर ‘१०० टक्के अंधार’ लिहिलंय, ते एका पडद्याचं की दोन पडद्यांचं? त्यावर थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “सर, एवढाच त्रास होत असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधून झोपा ना.” पुढे माझं वाक्य पूर्ण होण्याआधीच ‘तक्रारीचं निराकरण झालं’ असा मेसेज आला. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला, तान्हं बाळ झोपवणाऱ्या आईला, उजेडाने डोकं फुटणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णाला तुम्ही हेच सांगणार आहात का? हा पडदा घेणारी माणसं हीच आहेत. ती हौसेने अंधार करत नाहीत.

एक गोष्ट तर धोक्याची आहे. पत्रकातल्या चित्रात पडद्याची काळी बाजू काचेकडे दाखवली आहे. काळं कापड काचेलगत असलं की उन्हात काचेचा मधला भाग तापतो, चौकटीतल्या कडा मात्र थंड राहतात आणि त्या ताणाने काच तडकू शकते. आत तारेची जाळी असलेली किंवा दुहेरी काच असेल तर धोका जास्त. पांढरी बाजू बाहेर हवी. हे चित्र आधी बदला.

जाड पुठ्ठा चौकटीपेक्षा २-३ मिलिमीटर कमी कापून कडेला फोमची पट्टी लावली, तर तुमच्या पडद्यापेक्षा चांगला अंधार होतो. या क्षेत्रात नाव असलेल्या कंपनीच्या मालाबद्दल हे लिहावं लागतंय, याचं वाईट वाटतं.

माझ्या काचेत दोष नाही, हे पुन्हा सांगतो. पूर्ण पैसे परत करा, खोक्यावरचा ‘१०० टक्के’ हा दावा काढा आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हे पत्र, पावती आणि शिवणीतून येणाऱ्या उजेडाचे फोटो घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन.

आपला ग्राहक